माणशी हवा

काकांनी नाकातली नळी पुन्हा ओढून काढली आणि काकूंचा तोल गेला.

"काय मेलं हे! आत्ता लावली, आत्ता काढली! अहो, हात बांधून ठेवू का तुमचे?"

नवऱ्यावर कधी आवाज न चढवणारी बाई, असं काही काकूंबद्दल म्हणता यायचं नाही. आवाज त्यांचा मुळातच चढा. पण त्या सकाळच्या ओरडण्यात राग कमी आणि भीती जास्त होती. काकांच्या बोटाला लावलेल्या, रक्तातला ऑक्सिजन दाखवणाऱ्या चिमट्यावरचा आकडा भराभर घसरत होता, ओठ जांभळे पडत होते, आणि काका नळी मुठीत धरून खोलीतल्या एकेकाकडे बघत होते. पायथ्याशी लेक उभी, दाराशी जावई, खिडकीत नात. काकूंनी त्यांची मूठ सोडवली, नळी परत नाकात बसवली आणि दोन्ही कानांमागून नीट फिरवली. पलंगाशेजारी मशीन घरघरत होतं. ते खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन काढून नळीत सोडायचं. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, फुप्फुसं कामातून गेलीत, ही नळी आहे तोवर माणूस आहे.

"तोवर म्हणजे कधीपर्यंत?" लेकीनं धीर करून विचारलं होतं.

"नाकात राहिली तर काही महिने निघतील. राहिली तर."

आणि ती राहत नव्हती. सगळ्या घराच्या नाकी नऊ आले होते ते एवढ्यावरून.

गल्ली त्यांना काका-काकू म्हणायची, तेव्हा आपणही तेच म्हणू. काका नौदलातले, आणि नौदलातही पाणबुडीवरचे. नोकरीला लागले तेव्हा धड मिसरूड फुटलं नव्हतं, आणि सुटले तेव्हा डोक्यावर केस उरले नव्हते. मधली वर्षं गेली पाण्याखाली. पाणबुडीवाला म्हटलं की लोकांना वाटतं, हा टॉर्पीडो सोडत असणार. काकांनी जन्मात टॉर्पीडोला हात लावला नाही. त्यांच्याकडे हवा होती. बोटीत माणसं किती, ऑक्सिजन किती उरला, सोडलेल्या श्वासांची वाईट हवा किती साठली, हे बघत या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारायच्या. कमी पडला तर ऑक्सिजनच्या कांड्या पेटवायच्या. बोटीवरची पोरं त्यांना हवाकाका म्हणायची. गल्लीतलं 'काका' आलं ते तिकडूनच.

"हवा काय मोजायची असते?" लग्न ठरलं तेव्हा काकूंच्या भावानं फिरकी घेतली होती. "फुकट मिळते की!"

"वर मिळते," काका म्हणाले होते. सगळे हसले. काका हसले नव्हते, आणि काकूंना हा माणूस आवडला तो तिथेच.

फेरीहून परत आले की त्यांच्या अंगाला डिझेलचा, घामाचा आणि कुबट कपड्यांचा असा काही वास यायचा, की काकू त्यांची पिशवी दाराच्या आत येऊ द्यायच्या नाहीत. "आधी आंघोळ, मग बायको!" असा हुकूमच होता. काका निमूट ऐकायचे. पण आंघोळीच्याही आधी घरभर फिरून खिडक्या उघडायचे. बाहेर हाडं गोठवणारी थंडी असो, नाहीतर धुळीचा लोट. काकू मागून बंद करत यायच्या, काका पुढे उघडत जायचे. लेकीला हा खेळ वाटायचा.

दुसरी खोड मोजायची. लिफ्टमध्ये शिरले, कुणाच्या घरी गेले, बँकेत गेले, की पहिली नजर माणसांवरून फिरायची आणि ओठ हलायचे. किती जण? मोजणं झालं की चेहरा सैल व्हायचा. गंमत म्हणजे या मोजणीत ते स्वतःला कधीच धरत नसत. तिघं सिनेमाला निघाले की काका खिडकीवरून दोन तिकिटं घेऊन यायचे. दर वेळी! काकू कमरेवर हात ठेवून विचारायच्या, "आणि तुम्ही? तुम्ही काय सामान आहात?" मग काका ओशाळं हसून परत रांगेत लागायचे.

लेक झाली तेव्हा ते पाण्याखालीच होते. आले तेव्हा पोरगी बसायला लागली होती. या दाढीवाल्याला बघून तिनं असं भोकाड पसरलं की शेजारणी धावत आल्या. बोटीवर सगळ्यांचा काका, घरात बापच परका! काकांनी काय करावं? तिच्या पाळण्याखाली जमिनीवर आडवे झाले आणि पडून राहिले. ना बोलणं, ना हलणं. श्वाससुद्धा इतका बारीक, की काकूंनी घाबरून त्यांना ढोसलं. "अहो, श्वास तरी घ्या!" संध्याकाळपर्यंत पोरीला त्यांची सवय झाली. पाळण्यातून खाली हात सोडून तिनं त्यांचं नाक धरलं, तेव्हा काका ढसाढसा रडले.

पुढे त्यांना किनाऱ्यावरची नोकरी देऊ केली होती. खुर्ची, पंखा, संध्याकाळी घर. काका नको म्हणाले, आणि काकूंच्या तोंडाचा पट्टा सुटला. "बोटीशीच लग्न लावायचं होतं! मला कशाला अडकवलंत?"

"माझ्या जागी येईल त्याला धड मोजता आलं नाही, तर अख्खी बोट झोपेतच जाईल गं."

"आणि मी?"

"तू वर आहेस," काका म्हणाले. "तुझ्याकडे हवा आहे."

अशा माणसाशी भांडायचं तरी काय? काकूंनी भांडी आपटली आणि विषय सोडून दिला. पण मनातून सोडला नाही. आयुष्यभर हा माणूस बंद दाराआड आणि आपण बाहेर, ही सल राहिलीच. निवृत्त झाल्यावर काका घरी आले, काकूंच्या मागे मागे फिरू लागले, कपडे वाळत घालू लागले, तेव्हा काकूंनी गल्लीभर तक्रार केली की हा माणूस पायात पायात येतो. इतकं सुख त्यांना कधी झालं नव्हतं.

त्याच दिवसांतली गोष्ट. दोघं मटार सोलत बसले होते, आणि काका एकदम बोलायला लागले. एकदा बोट तळाच्या चिखलात रुतून बसली होती. वर येईना. अशा वेळी नियम असा, की ज्याच्या हाताला काम नाही त्यानं बंकवर जाऊन आडवं व्हायचं. बोलायचं नाही, हलायचं नाही. उभ्या माणसाला हवा जास्त लागते, बोलणाऱ्याला त्याहून जास्त. हवा जड झाली तशी काकांनी एकेकाला मास्क लावले. बोटीवर एक म्हातारा स्वयंपाकी होता, छातीनं अधू. सारखा खोकायचा. त्यानं मास्क काढून काकांच्या हातात दिला. म्हणाला, माझी भांडी घासून झालीत, माझं काम संपलं, पोरांना दे.

"मी परत लावला," काका म्हणाले. "त्यानं काढला. मी परत लावला, त्यानं परत काढला. मग मी लावला नाही."

काकूंच्या हातातली शेंग हातातच राहिली.

"मग बोट वर आली. सगळे वाचले. तो सोडून."

बराच वेळ काका दाणे चिवडत बसले. "मास्कचं मला काही वाटत नाही गं. ते त्याचं म्हणणं होतं. पण मी त्याच्याजवळ बसलो नाही. एवढी फेरी झाली की बसू, म्हणालो. फेरी करून आलो तर त्यानं बंकचा पडदा ओढून घेतलेला. एकटाच गेला."

हे त्यांनी पुन्हा कधी काढलं नाही. काकूंनीही कुणाला सांगितलं नाही.

आता नळीचं. लेकीनं एक दिवस खरंच काकांचे हात ओढणीनं पलंगाला बांधले. काकू स्वयंपाकघरातून आल्या, बघितलं, आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी भराभर गाठी सोडल्या.

"चोर आहे का तो? जन्मभर लोखंडात कोंडून घेतलेला माणूस, त्याला तू बांधतेस?"

"मग काय करू?" लेक किंचाळली. "बघत बसू? लहानपणी बाबा कधी घरात नव्हते. आता आहेत तर असे हातातून जाऊ देऊ?"

दोघी मायलेकी पलंगाच्या दोन बाजूंना उभ्या राहून रडल्या. मधे काका नळी काढत होते.

पुढच्या एका सकाळी लेक कामावर गेली, जावई-नात आपल्या वाटेनं गेले, आणि काकू गॅसवरच्या दुधापाशी अडकल्या. काका केव्हाचे एकटेच आहेत, हे भानावर आल्यावर आठवलं. धावत खोलीपाशी आल्या, तर नळी जागच्या जागी! चिमट्यावरचा आकडाही कधी नव्हे तो वर. काकूंनी देवाचे आभार मानायला हात जोडले, आणि तेवढ्यात काकांनी डोळे उघडले.

"किती जण?" त्यांनी विचारलं. हात नळीकडे गेला होता.

काकूंच्या डोक्यात लखकन उजेड पडला. बंद खोली. घरघरणारं मशीन. छातीत न पुरणारी हवा. काका घरात नव्हतेच. ते बोटीत होते, खाली, आणि कुणीही आत आलं की त्यांची मोजणी सुरू व्हायची. हवा थोडी, माणसं इतकी. स्वतःला ते मोजणीतून आधीच वगळत आले होते. लेक आली की तिच्या वाटणीची नळी काढून द्यायचे. नात आली की तिच्या वाटणीची.

काकूंनी लेकीला सांगितलं. लेक आधी हसली आणि मग खिडक्यांकडे धावली.

मग दोघींनी जिवाचं रान केलं. खिडक्या सताड उघडल्या. "अहो, वर आलोय आपण, बंदरात आहोत," काकू म्हणाल्या. काकांनी मशीनकडे कान दिला. "मग हे का वाजतंय?" मशीन बाहेरच्या खोलीत नेलं, लांब नळी जोडली. पण ज्या कानांनी आयुष्यभर घरघर ऐकत झोप काढली, त्यांना भिंतीची काय मातब्बरी! मशीन परत आत आलं. शेवटी काकू पलंगाखाली जमिनीवर आडव्या झाल्या, पाळण्याखाली काका झाले होते तशा. ना बोलणं, ना हलणं. काकांनी वाकून बघितलं.

"आडवा झाला म्हणून काय श्वास थांबतो?" म्हणाले, आणि नळी काढली.

उपाय एकच उरला, आणि तो लेकीनं कडक आवाजात सांगितला. कुणी आत जायचं नाही. भरवायचं, पुसायचं, तेवढ्यापुरतं एकानं जायचं. तोवर ते नळी काढणारच. काम उरकायचं, नळी लावायची आणि पळत बाहेर यायचं. दार थोडं किलकिलं ठेवायचं.

आणि ते लागू पडलं! आकडा टिकला. ओठांचा जांभळेपणा गेला. डॉक्टर येऊन गेले, खूश झाले. "छान! असंच चालू ठेवा," म्हणाले.

असंच चालू ठेवलं. काकू दाराबाहेर स्टूल टाकून बसायच्या, हातात विणकाम. आतून हाक यायची, "कोणी आहे का?" काकू ओठ चावायच्या. "वर कोणी आहे का?" काकू स्वेटरची बाही तोंडात कोंबायच्या, कारण हूं म्हटलं तर नळी निघणार होती. ज्या माणसाची वाट बघण्यात तारुण्य गेलं, तो चार हातांवर पडलाय, हाका मारतोय, आणि आपण मुक्याचं सोंग घेऊन बसलोय. असलं जगणं वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

"मला आत बसू दे," त्या लेकीला म्हणाल्या.

"आई, बाबा जिवंत आहेत ना? मग झालं तर."

"जिवंत आहेत. मीही होते की इतकी वर्षं, दाराबाहेर. विचार मला कसं असतं ते."

लेकीचं तरी काय चुकत होतं? तिला बाप हवा होता, बंद दाराआडचा तर बंद दाराआडचा. तिला तेवढाच ठाऊक होता.

त्या दुपारी लेक सूप गरम करत होती. काकू स्टुलावर होत्या. आतून काकांचा आवाज आला, पण ती हाक नव्हती. ते कुणाशी तरी हळूच बोलत होते.

"बसतो हं. एवढी फेरी झाली की बसतो तुझ्याजवळ. पडदा ओढून घेऊ नकोस."

काकूंच्या हातातलं विणकाम गळून पडलं. थोड्या वेळानं परत आवाज आला, आणि या वेळी तो काकांचा असूनही काकांचा नव्हता. "माझी भांडी घासून झाली," ते म्हणत होते. "एकटं वाटतंय रे."

काकूंनी दार ढकललं. आत गेल्या आणि पलंगाच्या कडेवर ठिय्या देऊन बसल्या.

काकांनी डोळे उघडले. "किती जण?"

गप्प राहता आलं असतं. इतके दिवस राहिल्याच होत्या.

"दोघं," काकू म्हणाल्या.

"दुसरं कोण?"

"मी. मीच आहे हो."

काकांनी त्यांच्याकडे बघितलं. मग नळी काढली. दोन्ही हातांनी धरून त्यांनी ती काकूंच्या नाकाशी नेली. एका कानामागे अडकली, दुसऱ्याला जमेना. काकूंनी ती काढून त्यांच्या नाकात बसवली. काकांनी काढली आणि परत काकूंना लावली. काकूंनी परत त्यांना लावली. काकांनी परत काढली. त्यांच्या डोळ्यांत हट्ट नव्हता, विनवणी होती.

मग काकूंनी लावली नाही.

नाकात गार हवा शिरली आणि काकूंना हुंदका फुटला. जन्मभर या माणसानं दुसऱ्यांची हवा सांभाळली म्हणून त्या भांडल्या होत्या, आणि आता तो आपल्या वाटणीची त्यांना देत होता. नको होती त्यांना ती. तो हवा होता.

काका मशीनची घरघर ऐकत होते. कपाळाला आठ्या पडल्या होत्या. "फार खाली आहोत," ते धापा टाकत म्हणाले. "पोरं कशी..."

काकूंनी हात लांब केला आणि बटण दाबलं.

घरघर थांबली. कितीतरी दिवसांनी त्या खोलीत बाहेरचे आवाज आले. कुणीतरी सायकलची घंटी वाजवली, कुणीतरी बादलीत पाणी सोडलं. उघड्या खिडकीतून वारा आला आणि पडदा हलला. काकांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या.

"वर आलो?"

"आलो हो. वर आलो."

"झाकण उघडलं?"

"उघडलं. वारा लागतोय ना तोंडाला?"

मशीन बंद पडल्याचं स्वयंपाकघरात कळायला वेळ लागला नाही. लेक धावत आली, सुपाचा वाडगा दारातच सांडला. ती बटणावर झेपावली, आणि काकूंनी तिचं मनगट पकडलं.

"आई, सोड! आई, बाबा जातील!"

"हो," काकू म्हणाल्या. "बस त्यांच्याजवळ."

लेकीनं झटापट केली. काकूंनी सोडलं नाही. एवढी ताकद त्या हातात कुठून आली, देव जाणे. शेवटी लेकीचे गुडघेच टेकले. तिनं बापाच्या पोटावर डोकं ठेवलं आणि लहानपणी फोडला होता तसाच टाहो फोडला. काकांनी तिच्या केसांवर हात ठेवला. दुसऱ्या हाताचं बोट उचललं. आधी काकूंकडे केलं, मग लेकीकडे.

"दोन," ते म्हणाले. "सगळे आले."

"तीन!" काकू ओरडल्या. "तीन हो, तीन! आणि तुम्ही? तुम्ही काय सामान आहात?"

काका ओशाळं हसले, सिनेमाच्या तिकीट-खिडकीसमोर हसायचे तसं. काही बोलायला गेले, पण तेवढी हवा उरली नव्हती. बोट थोडा वेळ तसंच उचललेलं राहिलं आणि मग हळूच चादरीवर आलं.

लेकीनं मान वर करून आईकडे बघितलं. नळी अजून काकूंच्या एका कानाला लोंबत होती. काकूंनी खोलीभर नजर फिरवली आणि मोजलं. काकांची मोजणी बरोबर होती. दोघीच होत्या.